फोन स्लो झालाय, सर्व्हिस सेंटर म्हणतंय बोर्ड गेला, नवीन घ्या. खरंच घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला आणि दुकान बंद करून लगेच लिहायला बसलो, कारण हेच दुखणं घेऊन आठवड्याला चार-पाच जण तरी माझ्या काउंटरवर येतात. इतरांनाही कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. आईचा अँड्रॉइड फोन, २०२१ च्या दिवाळीत घेतलेला, ४ जीबी रॅम (चालू अॅपला लागणारी कामापुरती जागा) आणि ६४ जीबी मेमरी (फोटो, व्हिडिओ साठवायची जागा). आता हँग होतो, ३०-३५ टक्के बॅटरी असताना अचानक बंद पडतो आणि चार्जरला लावला की लगेच चालू होतो, 'स्टोरेज फुल' तर रोजचंच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला तर त्यांनी न उघडताच सांगितलं की बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, गेलाय, ९ हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या. आणि भाऊ म्हणतोय की कंपन्या अपडेट देऊन मुद्दाम जुने फोन मारतात, त्यामुळे दुरुस्तीवर पैसे घालू नको.

मी कोल्हापुरात २००६ पासून मोबाईल रिपेरिंग करतोय, चिप लेव्हलचं काम, म्हणजे डिस्प्ले बदलण्यापासून बोर्डवरची आयसी, म्हणजे चिप, काढून बसवण्यापर्यंत सगळं. फोन हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, मीपण नाही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यावरून बोर्ड गेलाय हे मला अजिबात पटत नाही. बोर्ड गेलेला फोन एकतर चालूच होत नाही, नाहीतर लोगोवर अडकतो, नाहीतर हातात धरवत नाही इतका तापतो. ३० टक्क्यांवर बंद पडायचं आणि चार्जर लावला की निमूट चालू व्हायचं, हे बॅटरीचं लक्षण आहे. आणि हँग होणं हे बहुतेक त्या भरलेल्या मेमरीचं. दोन वेगळी दुखणी एकाच फोनमध्ये आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे.

आधी बॅटरी. लोकांना वाटतं बॅटरी खराब म्हणजे चार्जिंग लवकर संपणं, तेवढंच. पण लिथियम बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी होतात, तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो आणि तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही आणि खरा त्रास तिचाच असतो. घरच्या टाकीत अर्धी पाणी आहे पण पाईपात क्षार साचलाय असं समजा, एक नळ बारीक सोडला तर पाणी येतं, पण वरचा खालचा सगळे नळ एकदम सोडले की धारच पडत नाही. फोनचं तसंच होतं. नुसता वेळ बघितला तर चालतो, पण कॅमेरा उघडला, व्हिडिओ कॉल लागला, फ्लॅश पेटला की प्रोसेसर एकदम करंट ओढतो, जुन्या बॅटरीचा व्होल्टेज धपकन खाली येतो आणि बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. स्क्रीनवर ३२ टक्के दिसत असतात आणि ते खोटंही नसतं, चार्ज आहे, फक्त लागेल तेव्हा देता येत नाही.

हे तपासायला मला दहा मिनिटं लागतात, आणि सर्व्हिस सेंटरलाही तेवढीच लागली असती म्हणून राग येतो. मागचं कव्हर काढायचं, बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि बॅटरीच्या जागी डीसी पॉवर सप्लायच्या, म्हणजे ठरवून दिलेला व्होल्टेज देणाऱ्या यंत्राच्या, क्लिपा लावायच्या, ४ व्होल्टवर. मग फोन चालू करून टॉर्च, व्हिडिओ रेकॉर्डिंग, ब्राइटनेस फुल, सगळं एकदम सुरू करायचं. सप्लायच्या मीटरवर आकडा वर जातो, खाली येतो, परत वर जातो, तो नाच नीट बघायचा. पंधरा मिनिटं फोन न अडखळता चालला तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष बॅटरीत आहे. उलट फोन बंद असतानासुद्धा मीटर करंट दाखवत असेल तर बोर्डवर कुठेतरी शॉर्ट आहे. एवढी साधी परीक्षा आहे, आणि ती न करता ९ हजारांचा आकडा सांगणं म्हणजे पेशंटची नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणं.

आता भावाच्या म्हणण्याबद्दल. कंपन्या मुद्दाम फोन स्लो करतात का? हे अगदीच हवेतलं नाही, त्यामागे खरी घडलेली गोष्ट आहे आणि ती नीट माहीत असावी. २०१७ च्या सुरुवातीला अॅपलने आयओएस १०.२.१ हे अपडेट दिलं. त्याआधी आयफोन ६ आणि ६एस अचानक बंद पडतात अशा तक्रारी होत्या, म्हणजे तुमच्या आईच्या फोनचंच दुखणं. अपडेटनंतर बंद पडणं कमी झालं, पण फोन हळू चालायला लागले, आणि का ते कंपनीने ग्राहकाला सरळ सांगितलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका वापरणाऱ्याच्या लक्षात आलं की नुसती बॅटरी बदलली तर फोनचा वेग परत येतो, मग गीकबेंच हे वेग मोजायचं अॅप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी हजारो फोनचे आकडे मांडून दाखवले की वेग खरंच कमी केला जातोय. तेव्हा कुठे अॅपलने कबूल केलं, माफी मागितली, आणि २०१८ भर बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. फोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' हे पान आलं ते त्यानंतरच, २०१८ च्या मार्चमध्ये. २०२० मध्ये फ्रान्सने याच प्रकरणात अडीच कोटी युरो दंड लावला आणि अमेरिकेतल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंत द्यायची तडजोड झाली. इटलीने तर २०१८ मध्येच अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता, सॅमसंगचा मुद्दा असा की नोट ४ वर त्याला न झेपणारं अपडेट टाकायला लावलं.

माझं मत विचाराल तर बॅटरी थकल्यावर प्रोसेसरचा वेग उतरवणं हे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं, फोन मध्येच बंद पडण्यापेक्षा जरा हळू चाललेला बरा. चूक होती ती लपवण्यात. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, त्यांनी ५०-६० हजारांचा नवीन घेतला, आणि खरं तर दोन-तीन हजारांची बॅटरी बदलून काम झालं असतं. आजही ग्राहकाचे पैसे जातात ते बहुतेक याच कारणाने, फोन मारल्यामुळे कमी आणि दुखणं कुठलं ते न सांगितल्यामुळे जास्त.

तर स्टोरेज. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण 'स्टोरेज फुल' असे दोन वेगळे मेसेज येतात आणि आपल्याला दोन्ही एकच वाटतात. एक फोनचं स्वतःचं, तुमच्याकडे ते ६४ जीबी, त्यातले बारा-पंधरा सिस्टीमच खाते. दुसरं गुगल अकाउंटचं, ते १५ जीबी फुकट, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघे भागीदार. फोन हँग होतो तो पहिल्यामुळे. मेल यायचे बंद होतात, बॅकअप थांबतो, ते दुसऱ्यामुळे. लोक येतात, म्हणतात, अहो मी महिना १३० रुपये भरून जागा विकत घेतली तरी फोन हँगच होतोय. होणारच ना, जागा घेतली गुगलच्या सर्व्हरवर आणि कोंडलाय फोन.

फोनची मेमरी भरली की तो हळू का होतो, हेपण सांगतो, एकदा कळलं की लक्षात राहतं. फोनमधली फ्लॅश मेमरी लिहिलेलं एकेक अक्षर पुसू शकत नाही, तिला आख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, त्यामुळे ती सतत कामाचा डेटा दुसरीकडे हलवते आणि मग जुना ब्लॉक मोकळा करते. पूर्वी घर सारवायचं म्हटलं की एका खोलीतलं सामान दुसरीकडे हलवायला लागायचं, पण सगळ्याच खोल्या आढ्यापर्यंत भरलेल्या असतील तर हलवणार कुठे? तशी अवस्था होते. मेमरी ९५ टक्के भरली की प्रत्येक मेसेज लिहायला, प्रत्येक फोटो साठवायला फोनला ही हलवाहलव करावी लागते आणि आपल्याला दिसतं की व्हॉट्सअॅप उघडायला आठ सेकंद लागले. म्हणून १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी ठेवा, ६४ जीबीच्या फोनमध्ये दहा-बारा जीबी. माझा अनुभव असा की स्लो म्हणून आलेल्या फोनपैकी निम्मे तरी एवढ्यानेच सुधारतात आणि मी त्याचे पैसेही घेत नाही.

जागा खातं कोण, तर आपल्याकडे बहुतेक घरी व्हॉट्सअॅप. नातेवाईकांचे ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, प्रत्येकातला प्रत्येक व्हिडिओ आपोआप उतरतो. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जा, तिथे 'मॅनेज स्टोरेज' आहे, त्यात ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि बऱ्याचदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढून दाखवतात. आईबरोबर बसून करा हे काम, त्यांच्या माघारी नको, कारण तुम्हाला जो फालतू व्हिडिओ वाटतोय तो कदाचित त्यांच्या गेलेल्या बहिणीने पाठवलेला असेल. मी हे एकदा एका काकांच्या फोनवर बघितलंय, मुलाने साफ केलेला फोन घेऊन ते आले होते आणि एवढंच विचारत होते की परत आणता येईल का. आणता आलं नाही. तर बसून करा, आणि तिथेच ऑटो डाउनलोड बंद करून टाका, मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीवर, म्हणजे ज्याला बोट लावलं तेवढंच उतरेल.

गुगलच्या १५ जीबीचंही ऐका. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये जरा लहान केलेले फोटो कितीही ठेवता यायचे, मोजदादच नव्हती. लोकांना सवय लागली, आयुष्यभराचे फोटो तिथे गेले, आणि मग त्या तारखेपासून नवीन फोटो त्या १५ जीबीत मोजायला लागले. व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आधी मोजत नव्हते, २०२४ च्या पहिल्या सहामाहीपर्यंत तोही मोजणीत आला. म्हणजे पाहुण्याला आधी ऐसपैस ओसरी दिली, सगळं सामान आणू दिलं, आणि मग भाडं सुरू केलं. कायद्याने त्यांनी आधी कळवलं होतं, नाही म्हणत नाही, पण ज्या बाईला मेलच्या इंग्रजी नोटिशीतलं अवाक्षर कळत नाही तिला कळवलं म्हणजे काय कळवलं? हे मला मनापासून खटकतं.

इथेच एक धोका आहे, नीट लक्ष द्या. फोनमध्ये जागा करायची म्हणून गुगल फोटोजमध्ये जाऊन फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही जातो, दोन्हीकडून. फक्त फोनमधून काढायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे, तो आधी बघतो की वर बॅकअप झालाय का आणि मगच फोनमधली कॉपी काढतो. चुकून डिलीट झालंच तर बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, बॅकअप न झालेले ३० दिवस. त्या मुदतीत लक्षात आलं तर परत येतात, त्यानंतर माझ्यासारख्याकडे येऊन काही उपयोग नाही.

आता अपडेट. दर वर्षी अॅप जड होत जातात आणि फोनची रॅम आहे तेवढीच राहते, हे खरं कारण आहे आणि त्यात कट वगैरे नाही, बेपर्वाई आहे. आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. अंगणवाडी सेविकांना सरकारने कामाला मोबाईल दिले होते, २ जीबी रॅमचे. त्यावर पोषण ट्रॅकर अॅप चालवायचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले, आंदोलन करून, कारण फोन हँग व्हायचे, तापायचे, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी यायचा. आमच्या भागातल्या दोन-तीन ताई तेव्हा फोन घेऊन माझ्याकडे यायच्या. मी काय करणार होतो? फोनमध्ये बिघाडच नव्हता. अॅप उघडलं की रॅम संपायची, मागचं सगळं बंद व्हायचं, भरलेली माहिती जायची, आणि ताई परत पहिल्यापासून मुलांची वजनं भरत बसायच्या. ज्याने अॅप बनवलं त्याने ते स्वतःच्या भारी फोनवर चालवून बघितलं असणार, तालुक्याच्या गावी २ जीबीच्या फोनवर नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तुमच्या आईचा फोन ४ जीबीचा आहे, तो एवढा वाईट नाही. फोन करणं, व्हॉट्सअॅप, युट्यूब, यूपीआय, एवढ्याला आरामात पुरेल.

दुरुस्तीला पैसे घालायच्या आधी एकच गोष्ट बघा, सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' मध्ये अँड्रॉइड सिक्युरिटी पॅचची तारीख, म्हणजे सुरक्षेचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते. ती वर्षभराच्या आतली असेल तर बिनधास्त बॅटरी बदला. दोन-अडीच वर्षांपूर्वीची असेल तर फोन दुरुस्त होईल, चालेलही, पण त्यावर बँकेचं अॅप आणि यूपीआय ठेवू नका असं मी सांगेन, ते दुसऱ्या फोनवर करा. माझ्या वडिलांच्या फोनला मी हेच केलंय.

बॅटरी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द फार स्वस्त झालाय. कॉपी बॅटरीवर कंपनीचा लोगो, बारकोड, सगळं हुबेहूब असतं, आणि वर क्षमता ५००० एमएएच छापलेली असते, आत ३००० असते. मी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो, जुनी बॅटरी आणि नवीन दोन्ही तळहातांवर ठेवतो, नवीन लक्षात येण्याइतकी हलकी लागली तर परत पाठवतो. तुम्हाला सांगायचं तर पहिलं प्राधान्य सर्व्हिस सेंटरच्याच बॅटरीला द्या. हो, त्याच सर्व्हिस सेंटरच्या. फक्त तिथे जाऊन 'फोन बघा' म्हणू नका, 'बॅटरी बदलून द्या, दर काय' एवढंच विचारा. बहुतेक कंपन्यांचे पार्टचे दर त्यांच्या वेबसाइटवर असतात, ते आधी बघून जा. नाही म्हणाले किंवा पार्ट येत नाही म्हणाले तर मग विश्वासातल्या रिपेरवाल्याकडे जा, आणि त्याच्याकडून बिलावर बॅटरीची तीन ते सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

घरी स्वतः बदलायचा प्रयत्न मात्र करू नका, युट्यूबवर सोपं दिसतं. आजकालच्या फोनची बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते. मी आधी फोन हॉट प्लेटवर ठेवतो, डिंक मऊ होईपर्यंत, मग कडेने आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे थेंब सोडतो, दोन मिनिटं थांबतो आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने हळूहळू सोडवतो. स्क्रू ड्रायव्हर किंवा कुठलंही धातूचं टोक बॅटरीखाली घालायचं नाही. एकदा माझ्याकडचा नवा मुलगा घाई करायला गेला, बॅटरी वाकली, तिला बारीक भोक पडलं आणि आधी गोडसर उग्र वास आला, मग पांढरा धूर. वाळूचा डबा टेबलाखाली असतो म्हणून निभावलं, त्याच्या दोन बोटांना भाजलं. तुमच्या आईच्या फोनचं मागचं कव्हर जरा वर आलंय का किंवा स्क्रीन कडेने उचललीय का ते आजच बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, फोन चार्जिंगला लावू नका, उशीखाली ठेवू नका, सरळ घेऊन जा.

हा डिंक आधी नव्हता. २००६ मध्ये मी काम सुरू केलं तेव्हा मागचं झाकण नखाने निघायचं आणि बॅटरी हातात यायची, गिऱ्हाईक स्वतःच बदलायचं. पाणी आत जाऊ नये, फोन पातळ व्हावा ही कारणं आहेत, थोडीफार खरीही आहेत. पण त्यापुढची एक गोष्ट आहे तिला मात्र माझ्याकडे माफी नाही. काही फोनमध्ये बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा यांचे सिरियल नंबर बोर्डशी जोडलेले असतात, पार्टस पेअरिंग म्हणतात त्याला. मी कंपनीचाच अस्सल डिस्प्ले दुसऱ्या फोनमधून काढून लावला तरी 'अनोळखी पार्ट' असा मेसेज येतो, कधी एखादं फीचरच बंद होतं. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी, म्हणजे चेहऱ्याने लॉक उघडणं, बंद पडायचं, जगभर रिपेरवाल्यांनी ओरड केली तेव्हा कंपनीने ते सुधारायचं कबूल केलं. गिऱ्हाईकाला तो मेसेज दिसला की त्याला वाटतं मीच डुप्लिकेट माल लावला. अशा वेळी जुना पार्ट, नवा पार्ट समोर ठेवून समजावत बसायला लागतं, आणि तरी काहींच्या नजरेतला संशय जात नाही.

बाहेर याविरुद्ध कायदे व्हायला लागलेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये अशा पार्टस पेअरिंगवर बंदी घालणारा कायदा केला. युरोपात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनना नियम लागू झालाय, बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, महत्त्वाचे सुटे पार्ट मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं मिळाले पाहिजेत, अपडेट किमान ५ वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची, पार्टची माहिती टाकायची अशी कल्पना आहे, पण सक्तीचा कायदा अजून नाही. तो यायला हवा. माझ्या धंद्यासाठी म्हणत नाही, माझं पोट भरतंय, पण चार हजारांच्या दुरुस्तीसाठी माणसाला पंधरा हजारांच्या नव्या फोनचा हप्ता लागतो हे रोज बघवत नाही.

आता सर्व्हिस सेंटरने तुम्हाला जे केलं त्याबद्दल. तुमच्या हातात जॉब शीट आहे का? नसेल तर परत जा आणि मागून घ्या. काय तक्रार, काय तपासलं, काय निदान, किती खर्च, हे कागदावर पाहिजे. नुसतं 'तपासणीचा रिपोर्ट लेखी द्या' एवढं नम्रपणे म्हटलं की बऱ्याच वेळा निदानच बदलतं, हे मी गिऱ्हाईकांकडून कितीदा ऐकलंय. देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, फोनवर मराठीतही बोलता येतं. ही कोर्टकचेरी नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि बऱ्याच कंपन्या तेवढ्याने हलतात. त्यानेही नाही झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. तुमचा फोन वॉरंटीबाहेरचा आहे, त्यामुळे आयोगापर्यंत जायची वेळ येईल असं वाटत नाही, पण वॉरंटीत असताना कोणाला असं उडवून लावलं तर हे जरूर करा.

फोन कुठेही द्या, द्यायच्या आधी आतला डेटा काढून घ्या. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो का? पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पिशव्यांतून फोन आलेले, प्रत्येकात गाळ. बोर्ड काढायचा, अल्कोहोलमध्ये बुडवायचा, मऊ ब्रशने आयसीच्या कडांतून तो बारीक चिकट गाळ काढायचा, वाळवायचा, परत धुवायचा. आणि एकाही माणसाने तेव्हा मला 'फोन चालू होईल का' असं पहिलं विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, 'फोटो मिळतील का'. एका शेतकऱ्याच्या फोनमध्ये वाहून गेलेल्या दोन म्हशींचे फोटो होते, पंचनाम्याला दाखवायला दुसरा पुरावाच नव्हता त्याच्याकडे. तो बोर्ड चौथ्या दिवशी चालू झाला, दहाच मिनिटं, तेवढ्यात सगळं उतरवून घेतलं, परत कधी चालू झाला नाही. म्हणून सांगतो, फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर, कॉन्टॅक्ट गुगलला, व्हॉट्सअॅपचा बॅकअप, हे तिन्ही आधी करा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. काही फोनमध्ये मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड असतो, तो चालू केला तर तंत्रज्ञाला फोन तपासता येतो पण फोटो, मेसेज दिसत नाहीत. नसेल तर समोर बसून काम करून घ्या, आणि यूपीआयचा पिन कोणालाही सांगायची गरज नाही, मला पण नाही.

नवीन घ्यायची वेळ कधी येते तेही सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस प्रत्येक फोन दुरुस्तच करायला लावतो. सप्लायवर लावल्यावर बोर्डमध्ये शॉर्ट निघाला आणि तो प्रोसेसरखाली असेल, मेमरीची चिपच मरायला लागली असेल म्हणजे फोन रोज आपोआप रिस्टार्ट होत असेल, फाइल उघडत नसतील, किंवा डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग बोर्ड तिन्ही एकदम गेले असतील, तर मी स्वतः सांगतो, नको खर्च करू. तेव्हा घ्याल तो १२८ जीबीच्या खाली घेऊ नका, आणि दुकानदाराला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलऐवजी विचारा की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षांचं सांगितलंय, ते महागडे फोन आहेत, पण पंधरा-वीस हजारांतही आता चार वर्षं आणि त्याहून जास्त देणारे मिळतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा. या रविवारी आईबरोबर बसून व्हॉट्सअॅप आणि गॅलरी मोकळी करा, बारा जीबी तरी. फोन रिस्टार्ट करून चार दिवस वापरा, हँग होणं किती कमी झालं ते बघा. मग सिक्युरिटी पॅचची तारीख बघून बॅटरीचं ठरवा. दुसऱ्या कुठल्या रिपेरवाल्याकडे गेलात तर त्याला सांगा की आधी पॉवर सप्लायवर लावून दाखव, जो काम जाणतो तो लगेच दाखवेल. बॅटरी बदलल्यावर पहिले दोन-चार दिवस टक्के थोडे उड्या मारतील, ६० वरून एकदम ५२ वगैरे, घाबरू नका, फोनला नव्या बॅटरीचा अंदाज यायला तेवढा वेळ लागतो, एक-दोनदा पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज केली की बसतं. तरीही ३० वर बंद पडलाच तर मॉडेल नंबर आणि बोर्डचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मला पाठवा, बघून सांगतो.